धूळ कुणाच्या दारात मोजली?

सयांनो, या वेळचा अभ्यासपाठ धुळीचा आहे. धूळ झाडायची असते, तिचा पाठ कसला, असं आमच्या गटातल्या एक काकूही म्हणाल्या होत्या. पण या उन्हाळ्यात आमच्या गटाचे उडदाचे पापड आणि कुरडया दुकानदाराने परत पाठवल्या. “दाताखाली कचकच लागते,” एवढंच म्हणाला. मजुरीचं सोडा, डाळीचे आणि गव्हाचे पैसेही अंगावर पडले. ते पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून उचललेले होते, त्यामुळे हप्ता काही थांबला नाही.

कचकच कुठून आली ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गावाशेजारून मोठ्या रस्त्याचं चौपदरीकरण चाललंय. भरावाच्या मुरमाचे डंपर गावातल्या कच्च्या रस्त्याने जातात. एका बाजूला अंगणवाडी, दुसऱ्या बाजूला आमचा वाळवणाचा ओटा. डंपर गेला की पाच मिनिटं समोरचं घर दिसत नाही. आम्ही तोंडी तक्रार केली, मग लेखी केली. एक दिवस गाडी आली, मशीन उतरवलं, चोवीस तास चालवलं आणि काही दिवसांनी कागद आला: धूळ मर्यादेत आहे.

तो कागद हातात घेऊन आम्ही मासिक बैठकीत बसलो तेव्हा खरा पाठ सुरू झाला. मशीन खोटं होतं का? नव्हतं. मोजणी करणारी माणसं लबाड होती का? तसंही म्हणता येत नाही. मशीन ठेवलं होतं कंपनीच्या कॅम्पच्या फाटकाशी, जिथे रोज पाणी मारतात. त्या दिवशी वारा गावाकडून कॅम्पाकडे नव्हता आणि रस्त्याकडूनही कॅम्पाकडे नव्हता, तो सरळ आमच्या घरांवर येत होता. म्हणजे मशीनने त्याच्या नाकासमोरची हवा बरोबर मोजली. आमच्या नाकासमोरची मोजायला ते तिथे नव्हतंच.

म्हणून तुमच्याही गावाजवळ रस्ता, पूल, धरणाचा कालवा, गोदाम, सोलर प्रकल्प, काहीही बांधकाम चालू असेल तर मोजणी म्हणजे काय हे आधी समजून घ्या. आकडा आल्यावर भांडण्यापेक्षा मशीन ठेवायच्या वेळी तिथे उभं राहणं सोपं पडतं.

कोणती धूळ मोजतात?

पापडावर बसलेली, बोटाने पुसली की दिसते ती धूळ बहुतेक जाड असते. ती लवकर खाली बसते. ती माल नासवते, पिकाच्या पानावर थर धरते, डोळ्यांत जाते. पण मशीन मुख्यतः मोजतं ती तरंगणारी बारीक धूळ. तिची दोन मापं आहेत. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण. एक मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे दहा मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. दुसरं माप पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याखालचे कण. हे इतके बारीक की फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात.

आपल्या देशात २००९ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीत पीएम १० ची मर्यादा १०० आहे आणि पीएम २.५ ची ६०. वर्षभराच्या सरासरीत ती अनुक्रमे ६० आणि ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेले आकडे यापेक्षा पुष्कळ कमी आहेत, ४५ आणि १५. म्हणजे ‘मर्यादेत’ याचा अर्थ ‘निर्धोक’ असा घेऊ नका. पण भांडताना आपल्या कामी येतो तो आपल्या देशाचाच आकडा.

हे आकडे कशाचे? मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. घाबरू नका. घनमीटर म्हणजे हजार लिटर. घरावर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, ती पाण्याऐवजी हवेने भरलेली समजा. तेवढ्या हवेत किती धूळ आहे, ते वजन. आणि मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

मशीन वजन कसं करतं?

मोठं मशीन आतून अगदी साधं आहे. पंखा हवा ओढतो, जाड कण बाजूला पडतात, बारीक धूळ पांढऱ्या गाळणकागदावर अडकते. कागदाचं वजन आधी करायचं, नंतर करायचं. फरक म्हणजे धूळ. काटा मात्र सोनाराच्या काट्याहूनही नाजूक लागतो.

आपण हिशोबवही लिहितो, तसा हा हिशोब एकदा स्वतः करून पाहा. उदाहरणापुरतं धरा, मशीन मिनिटाला १.१ घनमीटर हवा ओढतं. चोवीस तासांत १,४४० मिनिटं. म्हणजे १,५८४ टाक्या हवा ओढली. कागदाचं वजन ०.३१६८ ग्रॅमने वाढलं. त्याचे मायक्रोग्रॅम झाले ३,१६,८००. भागिले १,५८४. उत्तर २००. मर्यादेच्या दुप्पट. एवढंच गणित आहे. आमच्या गटात सातवी शिकलेल्या ताईने ते फळ्यावर सोडवलं, आणि नंतर मशीनवाल्या साहेबांना तिने विचारलं, “हवा किती ओढली ते कागदावर का नाही लिहिलं?” साहेबांनी दुसऱ्या खेपेला ते लिहिलं.

आता सरासरीची गोम पाहा. समजा दिवसाचे सहा तास डंपर चालतात आणि तेव्हा धूळ २८० असते. उरलेले अठरा तास ३५. सहा गुणिले २८० म्हणजे १,६८०. अठरा गुणिले ३५ म्हणजे ६३०. बेरीज २,३१०, भागिले २४, उत्तर साधारण ९६. शंभरच्या आत! पण त्याच सहा तासांत अंगणवाडी भरलेली असते, वाळवण पडलेलं असतं आणि रोजंदारीच्या बाया रस्त्याच्या कडेला खडी पसरत असतात. रात्रीच्या झोपलेल्या हवेने दिवसाची धूळ कागदावर धुऊन निघते. म्हणून चोवीस तासांच्या आकड्याबरोबर तासातासाचा आकडाही मागायचा. गाळणकागदाचं मशीन तो देत नाही, पण सेन्सरचं यंत्र देतं.

सेन्सरचं छोटं यंत्र हातात मावेल एवढं असतं. आत प्रकाशाचा झोत असतो, कणांवरून तो कसा विखुरतो त्यावरून अंदाज बांधला जातो. चढ-उतार पाहायला ते फार चांगलं. आम्ही तालुक्याच्या कॉलेजातल्या विज्ञानाच्या सरांकडून आठवडाभर मागून आणलं होतं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दमट हवेत, धुक्यात ते आकडा फुगवून दाखवतं, कारण पाण्याचे थेंबही त्याला कणच वाटतात. आणि सरकारी कार्यालय तो आकडा पुरावा म्हणून सहसा धरत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की मोठं मशीन कुठे आणि केव्हा लावा हे आपल्याला ठामपणे सांगता येतं.

आपली चूल मध्ये आणू नका

आमची एक फजिती सांगते. पहिल्या दिवशी आम्ही छोटं यंत्र एका घराच्या खिडकीत ठेवलं. सकाळी सहालाच आकडा असा उडाला की सगळ्या म्हणाल्या, बघा, सापडले! पण सहाला एकही डंपर सुरू नव्हता. सुरू होती ती मागच्या पडवीतली चूल आणि पाणी तापवायचा बंब.

सरांनी तेव्हा एक खूण शिकवली, ती पाठ करून ठेवा. धुरात बारीक कणच जास्त, म्हणून चूल, कचरा किंवा उसाचं पाचट पेटलं की पीएम २.५ वर जातो आणि पीएम १० त्याच्या जवळपासच राहतो. मातीची, मुरमाची धूळ जाड, म्हणून डंपर गेला की पीएम १० पुष्कळ वर जातो आणि पीएम २.५ मागे राहतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की कुणाचा वाटा किती ते बऱ्यापैकी कळतं. समोरचा माणूस पहिलं वाक्य हेच टाकतो, “बाई, तुमच्या चुलीचा धूर आहे तो.” त्याला हे उत्तर. (चुलीचा धूरही आपल्याच छातीत जातो, तो विषय वेगळा आणि तोही कधीतरी घ्यायला हवा.)

यंत्र ठेवायचं ते मोकळ्यावर. चुलीपासून, कोंबड्यांच्या खुराड्यापासून, झाडाच्या दाट फांदीपासून लांब, आणि साधारण माणसाच्या नाकाच्या उंचीवर. एकाच जागी मोजून भागत नाही. वारा ज्या बाजूने कामावर येतो तिथे एक मोजणी, आणि कामावरून जिकडे जातो तिथे दुसरी. पहिली हवा कामाला लागण्याआधीची, दुसरी लागल्यानंतरची. दोन्हींतला फरक तो कामाचा वाटा. वारा कुठून आहे ते कळायला आम्ही बांबूला जुन्या साडीची चिंधी बांधली आहे. मुलं तिला झेंडा म्हणतात.

यंत्र मिळालंच नाही तर? चार सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्या. आतून पांढरा कागद चिकटवा, त्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. एकाच दिवशी, एकाच वेळी चार ठिकाणी छपरावर ठेवा: अंगणवाडी, वाळवणाचा ओटा, वाऱ्याच्या उलट बाजूचं एखादं घर, आणि कामापासून लांब शेतातली वस्ती. चोवीस तासांनी चारही ताटल्या एका सतरंजीवर मांडून फोटो काढा. याने आकडा मिळत नाही. पण ग्रामसभेत तो फोटो फिरला तेव्हा आमच्याकडे बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

खरं काम वहीचं आहे

मशीन एक दिवस येतं. धूळ रोज येते. मधल्या दिवसांचा साक्षीदार म्हणजे वही. आम्ही शंभर पानी वही घेतली आणि आडव्या रकान्यांत लिहायला लागलो: तारीख, वेळ, वारा कुठून कुठे, अर्ध्या तासात किती डंपर, त्यातले किती ताडपत्रीविना, पाण्याचा टँकर कितीला आला, आणि त्या वेळी रस्त्यावर धूळ उडत होती की बसली होती. खोकल्यासाठी कोण आशाताईकडे गेलं ते मात्र नावानिशी लिहू नका, नुसती संख्या पुरे. लोकांची दुखणी चव्हाट्यावर आणायची नाहीत.

टँकरची वेळ सगळ्यात बोलकी निघाली. सकाळी आठला पाणी मारलं जायचं, साहेब लोक यायच्या वेळेला. वैशाखातल्या उन्हात रस्ता तासा-दोन तासांत कोरडा. अकरा ते चार, म्हणजे डंपरची खरी वर्दळ आणि आमचं वाळवण, तेव्हा एक थेंब नाही. कागदावर मात्र ‘नियमित पाणी फवारणी’ होती, आणि ती खोटीही नव्हती. पाण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते, टँकर कुठल्या विहिरीवर भरतो तेही विचारा. रस्त्यावरची धूळ बसवायला गावाचं पिण्याचं पाणी उपसलं जात असेल तर एक दुखणं काढून दुसरं लावून घेतल्यासारखं होईल.

बैठकीत भांडणही झालं, ते लपवत नाही. गटातल्या एका वहिनींचे मालक त्याच कामावर डंपर चालवतात. दुसऱ्या एक ताई मजुरांना डबे देतात, रोजचे वीस-बावीस. त्या म्हणाल्या, “काम बंद पाडलंत तर माझा हप्ता तुम्ही भरणार का?” प्रश्न रास्त होता. त्यावर आम्ही ठरवलं की काम बंद करा असं कुठेही लिहायचं नाही. मागण्या तीनच: अकरा ते चारमध्ये दोनदा जादा पाणी, प्रत्येक डंपरवर ताडपत्री, आणि गावातून जाताना गाडी सावकाश. वेग कमी झाला की धूळ कमी उडते, याला एक रुपया खर्च नाही. ड्रायव्हर मालकांनी घरी सांगितलं की फेऱ्या जास्त मारायची घाई वरून असते, त्यांच्या हातात नसतं. मग तेही अर्जात लिहिलं.

आणि सगळ्यात जास्त धूळ कोण खातं? आपण नाही. कामावरच्या बाया, बाहेरून आलेल्या, ज्यांची लेकरं खडीच्या ढिगाजवळ झोळीत असतात. दगड, फरशी, काँक्रीट कोरडं कापलं, फोडलं की त्यातून सिलिकाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो. दम लागतो, खोकला येतो, वजन उतरतं, पुष्कळदा टीबीच समजून उपचार होतात, आणि झालेला सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. पाणी मारून कापलं तर ही धूळ जागीच बसते. पदर नाकाला लावून ती थांबत नाही, चांगल्या प्रतीचा एन ९५ मास्क लागतो. आपल्यातलं कुणी अशा कामावर जात असेल तर आशाताईला किंवा डॉक्टरांना आपलं काम काय ते आवर्जून सांगा. “खोकला आहे” एवढ्याने त्यांना कळत नाही.

अर्ज कुठे, कोणत्या आधारावर

२०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण नियमांत बांधकामाच्या धुळीसाठी अटी घातल्या. त्यातल्या काही हवा आधीच खराब असलेल्या शहरांसाठी आहेत. पण काही सगळ्याच बांधकामांना लागू आहेत: बांधकामाचं साहित्य उघड्यावर कापायचं-घासायचं नाही, साहित्य आणि राडारोडा नेमलेल्या जागेतच ठेवायचा, रस्त्याकडेला टाकायचा नाही, आणि साहित्य नेणारी गाडी उघडी चालवायची नाही. म्हणजे ताडपत्री ही मेहेरबानी नाही, नियम आहे. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेने बांधकामांना उंच पत्रे, पाण्याची फवारणी आणि जागेवर हवेचे सेन्सर लावायला सांगितलं. शहरात हे मागता येतं, तर गावाने विचारायला काय हरकत?

खडी क्रशर, काँक्रीटचा प्लांट आणि डांबराचा प्लांट यांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं, आणि त्यात धुळीच्या अटी लिहिलेल्या असतात. ते पत्र मागा. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागलेली असेल तर अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक कागद आहे. कुणी दाखवत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर दहा रुपयेही लागत नाहीत, फक्त कार्डाची प्रत जोडा.

अर्ज एकटीच्या नावाने करू नका. ग्रामसंघाच्या ठरावाने करा, ग्रामपंचायतीला प्रत द्या, मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात पोच घ्या. पोच घेतलेली प्रत आणि वहीची झेरॉक्स एकाच फाईलला. अर्जात ‘खूप धूळ आहे’ असं लिहू नका. आमचं वाक्य असं होतं: “पुढील मोजणी अंगणवाडीच्या अंगणात, कामाच्या दिवशी, वारा रस्त्याकडून गावाकडे असताना, तासातासाच्या नोंदीसह आणि ग्रामसंघाच्या दोन सदस्यांसमोर करावी.” एवढ्या एका वाक्यासाठी आम्हाला दोन बैठका लागल्या.

दुसरी मोजणी तशीच झाली. आकडा शंभरच्या वर गेला, चांगलाच वर. त्यानंतर दुपारचा टँकर सुरू झाला. ताडपत्री अजून निम्म्याच गाड्यांवर दिसते. पापडाचे बुडालेले पैसे कुणी दिले नाहीत. यंदा आम्ही वाळवण शेताकडच्या वस्तीवर हलवलं आहे, डोक्यावरून पाट्या वाहून, आणि तिथे ओट्यासाठी जागा मागितली आहे.

वही आता डबेवाल्या ताईंकडे असते, कारण रोज कामावर जाणाऱ्या त्याच. हप्त्याची चिंता त्यांनाच सगळ्यात जास्त होती, आणि नोंदी सगळ्यात नेटक्या त्यांच्याच. परवाची त्यांच्या हातची ओळ: “दुपारी १ वाजता, टँकर नाही. अर्ध्या तासात डंपर ११, ताडपत्री ५ वर. वारा आपल्याकडे. अंगणवाडीची दारं लावून घ्यायला सांगितली.”